जॅझ गिटारवर चालीसोबत कॉर्ड कशा बसवाव्यात?

कॉर्डचे आकार पाठ आहेत, पण चाल आली की हात अडकतो, असं तुम्ही म्हणताय. सहाही तारा वाजवायचा हट्ट सोडा. आमच्या मालवणातला भजनाचा पेटीवाला बघा, चाल वरच राहते. चालीचा सूर पहिल्या-दुसऱ्या (सगळ्यात बारीक) तारेवर, खाली कॉर्डचा मूळ सुरापासून मोजून तिसरा नि सातवा सूर, बस्स.

उदाहरणार्थ, डी मायनर सेव्हन: चौथ्या तारेवर 3रा फ्रेट, तिसऱ्यावर 5वा. जी सेव्हनला फक्त 5व्यावरचं बोट 4थ्यावर आणा. सी मेजर सेव्हनला ते तिथेच ठेवून दुसरं बोट 3ऱ्यावरून 2ऱ्यावर. मूळ सूर बासवाला सांभाळेल. एकटे असाल तर जमेल तेव्हाच घ्या. ड्रॉप टू, म्हणजे वरून दुसरा सूर एक सप्तक खाली नेलेली कॉर्ड, नंतर.

आणि पावसाळ्यात तारा पुसून ठेवा, खाऱ्या हवेत लगेच गंजतात.