मुलांच्या पुस्तकांमागचा छापखाना : राय घराण्याच्या तीन पिढ्या

आपण विचारले आहे की, मुलांसाठी लिहिणाऱ्यांचे आणि त्यांच्या पुस्तकांतील चित्रे काढणाऱ्यांचे आयुष्य ठाऊक असले तर ती पुस्तके काही निराळी कळतात का, आणि कळत असतील तर त्याचे एखादे उदाहरण द्यावे. कळतात, असे माझे उत्तर आहे. मात्र अशा वेळी आपण सहसा लेखकाचे हलाखीचे बालपण किंवा आजीने सांगितलेल्या गोष्टी शोधत बसतो. त्यापेक्षा तो माणूस पोटासाठी कोणते काम करीत होता, हे पाहणे मला अधिक उपयोगाचे वाटते. उदाहरण म्हणून मी कलकत्त्याचे राय घराणे घेतो. यात माझा थोडा पक्षपात आहे, तो आधीच सांगून टाकतो. तरुणपणी काही वर्षे मी पुण्यातील एका छापखान्यात मुद्रिते तपासण्याचे काम केले आहे. तेव्हा चित्रांचे जस्ताचे ब्लॉक, म्हणजे छपाईचे ठसे, बाहेरून करून आणावे लागत, आणि ब्लॉक आला नाही म्हणून मुलांच्या मासिकाचे आख्खे पान अडून राहिलेले मी कितीदा तरी पाहिले आहे. त्यामुळे ज्या घरात लेखक, चित्रकार आणि ब्लॉक करणारा हे तिघे एकाच अंगरख्यात वावरत होते, त्या घराविषयी मला विशेष कुतूहल वाटत आले.

या घराण्यातील पहिले नाव उपेंद्रकिशोर राय चौधुरी यांचे. त्यांचा जन्म १८६३ साली मैमनसिंह जिल्ह्यातील मसुआ या गावी झाला. हा भाग आज बांगलादेशात आहे. त्यांचे पाळण्यातले नाव कामदारंजन होते. पाचव्या वर्षी नात्यातील एका जमीनदारांनी त्यांना दत्तक घेतले आणि नाव बदलले. दत्तक जाण्याचा हा प्रसंग चरित्रकारांना मोहात पाडणारा आहे, परंतु त्यांच्या पुस्तकांचा उलगडा त्यातून फारसा होत नाही. तो होतो एका फसलेल्या छपाईतून. मुलांसाठी त्यांनी रामायण लिहिले, त्याची चित्रेही स्वतः काढली. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे कारागिरांनी ती लाकडी ठशांवर कोरली, आणि छापून आल्यावर आपण काढलेल्या चित्राचे काय झाले आहे, हे त्यांना पाहवेना. दुसरा एखादा माणूस प्रकाशकाशी भांडून गप्प बसला असता. उपेंद्रकिशोरांनी विलायतेहून यंत्रसामग्री मागवली, ठसे करण्याचे शास्त्र पुस्तके वाचून आत्मसात केले आणि १८९५ च्या सुमारास स्वतःचा हाफटोन ब्लॉक करण्याचा व्यवसाय सुरू केला. पुढे तो 'यू. राय अँड सन्स' या नावाने प्रसिद्ध झाला.

हाफटोन म्हणजे काय, हे आजच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. छापखान्याची शाई एकाच काळेपणाची असते. करडा रंग तिला ठाऊक नसतो. म्हणून चित्राचे छायाचित्र बारीक रेघांच्या काचेच्या जाळीतून घेतात. त्यामुळे गडद जागी मोठे आणि फिकट जागी लहान ठिपके उमटतात, आणि डोळ्याला छटा दिसल्याचा भास होतो. जाळी छायाचित्राच्या काचेपासून किती अंतरावर ठेवावी आणि भिंगाचे छिद्र कोणत्या आकाराचे असावे, हे त्या काळी पुष्कळसे अंदाजाने ठरत असे. उपेंद्रकिशोरांनी कलकत्त्यात बसून त्याचे गणित मांडले, आणि इंग्लंडमधील 'पेनरोज' या मुद्रणविषयक वार्षिकात त्यावर लेख लिहिले. टुनटुनी पक्ष्याच्या गोष्टी लिहिणारा माणूस तो हाच. १९१३ साली त्यांनी मुलांसाठी 'संदेश' मासिक सुरू केले. बंगालीत संदेश म्हणजे निरोप, आणि संदेश म्हणजे छेन्याची मिठाईही.

त्यांचे थोरले चिरंजीव सुकुमार राय यांच्याबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे. १८८७ साली जन्मलेल्या सुकुमारांनी प्रेसिडेन्सी कॉलेजातून भौतिक आणि रसायन या दोन्ही विषयांत पदवी घेतली, आणि १९११ साली शिष्यवृत्ती मिळवून ते छायाचित्रण व मुद्रणाचे तंत्र शिकण्यासाठी लंडनला व नंतर मँचेस्टरला गेले. बंगाली भाषेतील सर्वांत लाडकी असंबद्ध बालकविता लिहिणाऱ्या कवीचे शिक्षण हे असे. मला यात विसंगती दिसत नाही. 'आबोल ताबोल' या संग्रहात 'खिचुडी' नावाची एक कविता आहे. तिच्यात बदक आणि साळिंदर, म्हणजे बंगालीतील 'हाँस' आणि 'शजारू', यांची सांधेजोड होऊन 'हाँसजारू' तयार होतो, बगळा आणि कासव मिळून 'बकच्छप' होतो, आणि हत्ती व तिमी मासा मिळून 'हातिमी'. बक आणि कच्छप हे दोन्ही शब्द आपल्याकडेही असल्यामुळे मराठी वाचकाला या प्राण्याची ओळख करून द्यावी लागत नाही. शब्द जेथे सांधला आहे, तेथेच चित्रातला प्राणीही सांधलेला आहे, कारण दोन्ही एकाच हाताने केलेले आहे. कवी वेगळा आणि चित्रकार वेगळा असता, तर चित्रकाराने बगळ्याच्या पाठीवर कासव बसवून मोकळे होण्याचा संभव बराच होता, असे मी माझ्या छापखान्यातील अनुभवावरून म्हणतो. रसायनाच्या विद्यार्थ्याला दोन पदार्थांचे मिश्रण आणि त्यांचे संयुग यांतील फरक वेगळा सांगावा लागत नाही.

१९१५ च्या डिसेंबरमध्ये उपेंद्रकिशोर वारले आणि छापखाना व 'संदेश' यांचा भार सुकुमारांवर आला. १९२१ साली त्यांना काळा आजार जडला. त्यावरील यूरिया स्टिबामाइन हे औषध उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी त्याच सुमारास, त्याच शहरात शोधून काढले होते, पण सुकुमारांच्या कामी ते आले नाही. अंथरुणावर पडूनही ते 'आबोल ताबोल'ची पाने आखत होते, मुद्रिते पाहत होते. १० सप्टेंबर १९२३ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले आणि त्यानंतर नऊ दिवसांनी पुस्तक बाहेर आले. लेखक म्हणून नाव झालेल्या या माणसाला आपल्या कवितांचे पहिले पुस्तक बांधलेल्या स्वरूपात पाहता आले नाही.

त्यांचा मुलगा सत्यजित तेव्हा सव्वादोन वर्षांचा होता. काही वर्षांतच व्यवसाय बुडाला, गडपार रस्त्यावरील घर गेले, आणि आई सुप्रभा मुलाला घेऊन आपल्या भावाकडे राहायला गेली. पण त्याआधी त्या घरात घालवलेली वर्षे सत्यजित राय विसरले नाहीत. बालपणीच्या आठवणींत त्यांनी लिहिले आहे की, आपण कागदावर काहीतरी रेघोट्या ओढून ब्लॉकच्या खात्यात घेऊन जात असू, हे 'संदेश'साठी आहे म्हणून सांगत असू, आणि तेथील कारागीर गंभीरपणे मान डोलावून आपल्याला उचलून मोठ्या कॅमेऱ्याच्या काचेवरचे उलटे चित्र दाखवीत असे. टर्पेंटाइनचा वास आला की ते खाते डोळ्यांपुढे उभे राहते, असेही त्यांनी म्हटले आहे.

शांतिनिकेतनात चित्रकला शिकून १९४३ साली त्यांनी डी. जे. कीमर या जाहिरात कंपनीत महिना ८० रुपयांवर नोकरी धरली. त्याबरोबर सिग्नेट प्रेस या प्रकाशनसंस्थेसाठी ते मुखपृष्ठे व आतील चित्रे करू लागले. विभूतिभूषण बंदोपाध्याय यांच्या 'पथेर पांचाली'ची मुलांसाठी केलेली संक्षिप्त आवृत्ती त्यांच्याकडे चित्रांसाठी आली. त्या संक्षिप्त आवृत्तीच्या बंगाली नावाचा अर्थ 'आंब्याच्या कोयीची पिपाणी' असा सांगता येईल. ती चित्रे काढताना या कथेवर चित्रपट करावा हे मनात आले, आणि १९५५ साली तो आला. जगाला ठाऊक असलेला दिग्दर्शक असा मुलांच्या पुस्तकाच्या चित्रांतून निघाला.

१९६१ साली त्यांनी कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्यासह 'संदेश' पुन्हा सुरू केला. संपादनात पुढे त्यांच्या आत्या लीला मजुमदार याही आल्या. त्या उपेंद्रकिशोरांच्या धाकट्या भावाची कन्या, आणि स्वतंत्र उत्तर लिहावे इतक्या मोठ्या लेखिका. अंकाची पाने भरायची म्हणून सत्यजित कथा लिहू लागले. शास्त्रज्ञ प्रोफेसर शोंकू आणि १९६५ मध्ये गुप्तहेर फेलुदा ही त्यातूनच जन्मलेली पात्रे, आणि त्यांची चित्रेही त्यांचीच. आजोबांची 'गुपी गाइन बाघा बाइन' ही 'संदेश'मधील कथा त्यांनी १९६९ साली पडद्यावर आणली.

आपल्याला बंगाली येत नसेल तर फेलुदाच्या कथांचे अशोक जैन यांनी केलेले मराठी अनुवाद आहेत, तेथून सुरुवात करावी. 'आबोल ताबोल'साठी मात्र बंगाली जाणणारा एखादा शेजारी गाठून त्याला ते मोठ्याने वाचायला सांगावे, आणि पुस्तक आपल्या हातात उघडे ठेवून चित्रे पाहत बसावे.