आई, कुठवर आलं वाचून?

प्रश्न: ताई, मी ३६ वर्षांची. नौपाड्यात राहते. चार वर्षांपूर्वी नवरा अचानक गेला. घरात नऊ वर्षांचा मुलगा, सासूबाई आणि मी. गेल्या महिन्यात मराठी ग्रंथसंग्रहालयातून दुर्गा खोटे यांचं आत्मचरित्र आणलं. रोज रात्री थोडं थोडं वाचते आणि वाटतं, हे माझंच चाललंय. ऐरोलीच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने सहा महिन्यांपूर्वी लग्नाचं विचारलंय. मलाही तो आवडतो. सोमवारी संध्याकाळी सासूबाई कोपिनेश्वराला जातात तेवढ्या वेळात आम्ही फोनवर बोलतो. पुस्तकाचा विषय काढला तर त्या म्हणाल्या, "नटीच ती. त्यांना सगळं शोभतं." माझं तोंडच बंद झालं. हल्ली चित्त इतकं थाऱ्यावर नसतं की खुणेला घातलेलं टीएमटीचं तिकीटही मी न वाचलेल्या पानांत सापडलं. एका पुस्तकामुळे मी वाहवत चाललेय का?

उत्तर: ताई म्हणालीस, म्हणून एकेरीतच बोलते. पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या तिकिटापाशी थांबले. तू पोचलीच नव्हतीस त्या पानात तिकीट गेलं कसं? नऊ वर्षांचं पोर दुर्गाबाईंचं आत्मचरित्र वाचत बसत नाही. तू ऐरोलीला गेल्यावर दुपारभर घरात कोण असतं?

वाहवत वगैरे काही चाललेली नाहीस. त्याने विचारलं सहा महिन्यांपूर्वी, पुस्तक घरात आलं गेल्या महिन्यात. मनात होतंच, ते वाचताना वर आलं एवढंच.

"त्यांना सगळं शोभतं" हे मात्र खरं नाही. दुर्गाबाई १९०५ सालच्या, चांगल्या सधन लाड घराण्यातल्या. अशा घरच्या मुलीने तोंडाला रंग लावणं तेव्हा कुणालाच शोभत नव्हतं. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'त त्या तारामती झाल्या. ऐन तारुण्यात वैधव्य आलं, पदरात दोन मुलगे होते. पुढे त्यांनी दुसरं लग्नही केलं. १९८३ चा फाळके पुरस्कार आज आपल्याला दिसतो, म्हणून सगळं सोपं वाटतं. आणि एक लक्षात ठेव, हे त्यांनी सत्तरी ओलांडल्यावर लिहिलंय. त्या वयात मागे वळून बघताना झोप उडालेली अख्खी वर्षं एका परिच्छेदात मावतात. तुला ती एकेक दिवस करून काढायची आहेत. त्यांच्याकडून धीर घे, पण आपल्या घरचा हिशेब आपणच मांडायचा असतो.

त्या हिशेबात आधी सासूबाई येतात. त्यांचा मुलगा गेलाय गं. तुझ्या आयुष्यात पुन्हा जोडीदार येऊ शकतो, त्यांच्या आयुष्यात मुलगा येणार नाही. "नटीच ती" या शब्दांमागे मला तर "मग मी कुठे जाऊ, आणि नातू?" एवढंच ऐकू येतं. म्हणून त्यांना सांगण्याआधी त्या सहकाऱ्याला एक प्रश्न विचार: आईंचं काय? "बघू, होईल सगळं" हे उत्तर चालणार नाही. त्या राहणार कुठे, त्यांच्या गोळ्या कोण आणणार, मुलाची शाळा तीच राहणार का, इतकं नेमकं बोलायला लाव. माणूस किती चांगला आहे ते तिथे कळेल.

पैशाचंही सांगून टाकते. नवऱ्याने मृत्युपत्र केलं नसेल तर त्याच्या मालमत्तेत तुझा, मुलाचा आणि सासूबाईंचा सारखा वाटा आहे. पुन्हा लग्न केलंस म्हणून तुझा वाटा जात नाही, आणि त्यांचा तर मुळीच नाही. हे त्यांना कळू दे, निम्मी धास्ती कमी होईल. त्याच्या पीएफमधून तुला पेन्शन मिळत असेल तर ती मात्र लग्नानंतर बंद होते. ते धरून चाल.

माझी आत्या बत्तिसाव्या वर्षी विधवा झाली. घरात सगळे तिला जपायचे, पंगतीत आधी तिच्या पानात वाढायचे. तुला काय हवंय, असं मात्र तिला कधीच कुणी विचारलं नाही. मीही नाही, आणि ते मला अजून सलतं. तुला कुणीतरी विचारलंय. नाही म्हणायचं असेल तर मनापासून म्हण, घाबरून म्हणू नकोस.

येत्या सोमवारी तो फोन राहू दे. सासूबाई देवळातून येतील तेव्हा चहा टाक आणि एवढंच विचार, "आई, कुठवर आलं वाचून?" त्या दिवशी त्याचा विषय काढू नकोस. त्या गप्प राहिल्या तर तूही गप्प बस, चहा घ्या दोघी.

आणि त्याआधी ग्रंथसंग्रहालयात जाऊन पुस्तकाची मुदत वाढवून घे. त्यांचं अजून वाचून व्हायचंय.