‘टेन्युअर’ म्हणजे कार्यकाळ नव्हे

प्रश्न असा आहे: अमेरिकी विद्यापीठांविषयीच्या एका मजकुराच्या अनुवादात ‘विद्यापीठाच्या आत्मप्रसिद्धीबद्दल सार्वजनिक संशयवाद आणि प्राध्यापकांच्या कार्यकाळावर हल्ले’ असे वाक्य आले आहे. हे मराठी बरोबर आहे का, आणि ‘टेन्युअर’ला नेमका शब्द कोणता?

बरोबर नाही, आणि सर्वांत मोठी चूक ‘कार्यकाळ’ या शब्दात आहे. कार्यकाळ सुरू होतो तसा संपतो. महाराष्ट्रात कुलगुरूंचा कार्यकाळ ५ वर्षांचा असतो, सरपंचाचाही तेवढाच. अमेरिकी प्राध्यापकाच्या टेन्युअरला, म्हणजे योग्य कारणाशिवाय नोकरीवरून काढता न येण्याच्या हक्काला, मात्र शेवटची तारीखच नसते. तारीख नसणे हाच त्याचा अर्थ. ‘त्यांना कार्यकाळ मिळाला’ असे लिहिले तर वाचणारा विचारेल, किती वर्षांचा? इंग्रजीत मुदतीच्या पदालाही हाच शब्द लावतात, त्यामुळे शब्दकोशातला पहिला अर्थ उचलला की घोटाळा होतो.

शब्दाचे मूळ लॅटिनमधल्या ‘टेनेरे’त, म्हणजे धरून ठेवणे. तो आधी जमिनीचा शब्द होता. मराठीत त्याची जोडी तयारच आहे: सातबाऱ्यावर ‘भूधारणा पद्धती’ असा रकाना असतो, त्यातली ‘धारणा’ म्हणजे हेच. शिवाय जुन्या महसुली भाषेत मिरासदार आणि उपरी असा भेद होता. सारा भरतो तोवर मिरासदाराला जमिनीवरून काढता येत नसे. उपऱ्याची लागवड कराराच्या मुदतीपुरती. टेन्युअर असलेला प्राध्यापक आणि सत्रागणिक नेमलेला शिक्षक यांच्यातला फरक इतक्या नेमकेपणाने सांगणारी जोडी दुसरी नाही. १९७२ साली अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने ‘बोर्ड ऑफ रीजेंट्स विरुद्ध रॉथ’ या खटल्यात हाच फरक कायद्याच्या भाषेत मांडला: एका वर्षाच्या नेमणुकीवरच्या शिक्षकाचा त्या नोकरीवर मालमत्तेसारखा हक्क तयार होत नाही, म्हणून पुन्हा न नेमताना त्याला सुनावणी देणे बंधनकारक नाही.

तरीही ‘मिरासदारी’ हा प्रतिशब्द म्हणून वापरू नये. आज त्या शब्दाला ‘बापजाद्यांची मक्तेदारी’ असा वास आहे. टेन्युअर वारशाने मिळत नाही. अमेरिकी प्राध्यापक संघटनेच्या १९४०च्या निवेदनानुसार उमेदवारीचा काळ जास्तीत जास्त ७ वर्षांचा. त्या काळातले अध्यापन आणि संशोधन सहकारी व बाहेरचे तज्ज्ञ तपासतात. नकार आला तर सहसा शेवटचे एक वर्ष मिळते आणि मग ते विद्यापीठ सोडावे लागते. ‘कायम नोकरी’ही अपुरी पडते, कारण कायम तर कारकूनही होतो. मी ‘सेवाशाश्वती’ सुचवेन. पहिल्यांदा येईल तिथे ‘योग्य कारण आणि सुनावणी यांशिवाय काढता न येण्याची’ असा खुलासा जोडावा, पुढे नुसता शब्द चालेल. ‘टेन्युअर ट्रॅक’साठी ‘सेवाशाश्वतीच्या वाटेवरचे पद’ पुरे. ‘ॲडजंक्ट’साठी आपला ‘तासिका तत्त्वावरील’ वापरायचा मोह होतो, पण तिथे पैसे बहुधा तासाचे नसून पूर्ण विषयाचे मिळतात. ‘सत्रापुरता नेमलेला’ हे जास्त खरे.

आता ‘हल्ले’. मराठीत हक्कावर गदा येते, आणि हा वाक्प्रचार इथे चपखल बसतो. विस्कॉन्सिनचे उदाहरण घ्या. तिथे सेवाशाश्वती थेट राज्याच्या कायद्यात होती. गव्हर्नर स्कॉट वॉकर यांच्या काळात, २०१५च्या अर्थसंकल्पी कायद्याने ती तिथून काढली आणि विद्यापीठाच्या नियामक मंडळाच्या धोरणावर सोपवली. पूर्वी आर्थिक आणीबाणीतच कपात करता येई. आता अभ्यासक्रम बंद केला किंवा बदलला तरी त्यातल्या सेवाशाश्वती मिळालेल्या प्राध्यापकांना कमी करता येते. २०१८मध्ये स्टीव्हन्स पॉइंट इथल्या विद्यापीठाने इतिहास, तत्त्वज्ञान, इंग्रजी यांसह १३ मुख्य विषय बंद करण्याचा प्रस्ताव मांडला तेव्हा या बदलाचा अर्थ सगळ्यांना कळला. प्रस्ताव पुढे मागे घेतला गेला, कायदा तसाच राहिला. शब्द होता तिथेच आहे, त्यातली ‘धारणा’ सैल झाली. हे ‘कार्यकाळावर हल्ला’ या शब्दांत मुळीच दिसत नाही.

‘संशयवाद’ तर सरळ काढून टाका. ती तत्त्वज्ञानातली एक भूमिका आहे, लोकांच्या मनातली भावना नव्हे. ‘संशय’ गुन्हेगारावर घेतात. इथे ‘शंका’ हवी, कारण शंकेचे निरसन मागता येते. कोलंबिया विद्यापीठाचे प्रकरण याचा नमुना आहे. २० पेक्षा कमी विद्यार्थी असलेले आपले वर्ग ८२.५ टक्के आहेत, अशी आकडेवारी विद्यापीठाने क्रमवारीसाठी दिली होती आणि तिथे त्याला दुसरे स्थान मिळाले होते. २०२२च्या फेब्रुवारीत तिथलेच गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी विद्यापीठाच्याच वर्गयाद्या मोजून हा आकडा टिकत नाही हे दाखवले. विद्यापीठाने नंतर स्वतः दिलेली संख्या सुमारे ५७ टक्के निघाली आणि क्रमांक १८वर गेला. आपल्याच संस्थेची जाहिरात उघडपणे तपासणारा हा माणूस सेवाशाश्वती असलेला होता. म्हणूनच त्या मूळ वाक्यातले दोन भाग ‘आणि’ने नुसते शेजारी ठेवलेले नसतात, त्यांच्यात नाते असते आणि अनुवादात ते दिसायला हवे.

‘आत्मप्रसिद्धी’बद्दल थोडेच. ‘आत्म-’ माणसाला शोभते, संस्थेला नाही. औपचारिक लेखनात ‘स्वतःची जाहिरात’, बोलीच्या जवळ जायचे असेल तर ‘स्वतःची टिमकी वाजवणे’.

मी ते वाक्य असे लिहीन: ‘विद्यापीठ स्वतःची जी जाहिरात करते तिच्याविषयी लोकांच्या मनात शंका आहेत, आणि त्या शंका आतून तपासू शकणाऱ्या प्राध्यापकांच्या सेवाशाश्वतीवरच गदा येत आहे.’