डोकं नसणं आणि डोकं ठिकाणावर नसणं

प्रश्न असा आला आहे: 'मूर्खपणाचा निर्णय', 'बिनडोक सिनेमा', 'अकलेचे तारे तोडले' असं पेपरात रोज वाचायला मिळतं. हे सगळे शब्द एकाच अर्थाचे का? आणि टिळकांनी सरकारला सरळ 'मूर्ख' न म्हणता 'डोके ठिकाणावर आहे काय' असं का विचारलं?

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे.

'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा 'केसरी'चा अग्रलेख 6 जुलै 1897 चा. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली घरोघर झडत्या झाल्या होत्या. 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीत या बंदोबस्ताचा प्रमुख इंग्रज अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली, आणि त्यानंतर सरकारनं साऱ्या शहरालाच गुन्हेगार धरल्यासारखी वागणूक सुरू केली. (या मथळ्यामुळेच टिळक तुरुंगात गेले, असं पुष्कळांना वाटतं. त्यांच्यावरचा राजद्रोहाचा खटला 15 जूनच्या अंकातल्या मजकुरावर होता.)

आता मथळ्यातला 'ठिकाणावर' हा शब्द पाहा. डोकं ठिकाणावर आहे का, हे ज्याला डोकं आहे त्यालाच विचारता येतं. माझी आजी हा प्रश्न घरात कुणाला विचारायची ते मला अजून आठवतं. दूध गॅसवर ठेवून मी पुस्तकात रमले आणि दूध उतू गेलं, की ओट्यापाशी उभं राहून, पातेल्याखालचं करपलेलं दूध खरवडत म्हणायची, "डोकं ठिकाणावर आहे का गं तुझं?" तेच दूध तीन वर्षांच्या धाकट्यानं सांडलं, तर "वेडं गं माझं ते" म्हणून फडक्यानं पुसून टाकायची. ज्याच्याकडून शहाणपणाची अपेक्षा, जाब त्यालाच. मूर्खाला किंवा लहान मुलाला कुणी जाब विचारत नाही.

टिळकांच्या मथळ्याची सगळी ताकद इथं आहे. सरकारला मूर्ख म्हटलं असतं तर सरकार सुटलं असतं, कारण मूर्खाच्या हातून चूक होते, अन्याय होत नाही. पुढच्याच आठवड्यात, 13 जुलैला, त्यांनी नेमका आरोप लिहिला: 'राज्य करणे म्हणजे सूड उगविणे नव्हे'. आधी डोकं कुठं आहे हे विचारलं, मग ते कुठं गेलंय ते सांगितलं.

मराठीत बुद्धीवर ठपका ठेवणारे बहुतेक शब्द असेच आहेत. बुद्धी नाही असं ते क्वचित म्हणतात. तिचं काय झालं ते सांगतात. अक्कल 'गहाण' पडते, म्हणजे होती आणि स्वार्थासाठी दुसऱ्याच्या हवाली केली. 'दीडशहाणा' माणसाकडे तर ती अर्ध्या मापानं जास्तच असते. 'पढतमूर्ख' वाचून-शिकूनही मूर्ख राहतो. दासबोधात रामदासांनी मूर्खाची लक्षणं सांगितली आणि पढतमूर्खासाठी वेगळा समास लिहिला, इतका तो प्रकार त्यांना निराळा वाटला. मथळ्यांचा लाडका 'तुघलकी' घ्या. राजधानी दिल्लीहून आपल्या देवगिरीला, म्हणजे दौलताबादला, हलवणारा मुहंमद तुघलक तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकलेला, सुंदर हस्ताक्षराचा माणूस होता. 'तुघलकी' म्हणजे लहरी आणि कुणाचं न ऐकणारा. तो 'मूर्खपणाचा' या अर्थी वापरला की शब्द वाया जातो.

'मुक्ताफळे उधळली', 'अकलेचे तारे तोडले' ही उपरोधाची भाषा आहे. अग्रलेखात, स्फुटात ती शोभते. मला खटकतं ते बातमीतलं 'बरळले'. तापात किंवा झोपेत माणूस बरळतो, तेव्हा तो शुद्धीवर नसतो. पुढारी मात्र माईकसमोर, पूर्ण शुद्धीत, टाळ्या कुठं पडतील ते हेरून बोललेला असतो. त्याला 'बरळले' म्हणणं म्हणजे वार्ताहरानं त्याला सवलत देणं. 'म्हणाले' लिहावं आणि वाक्य जसंच्या तसं छापावं.

सिनेमाच्या परीक्षणात अलीकडे 'डोकं बाजूला ठेवून पाहा' असं सर्रास लिहितात. 'बिनडोक' हा निदान सिनेमावरचा शेरा आहे, आणि पटकथा कुठं घसरली ते समीक्षकानं पुढं सांगितलं तर तो चालेलही. पण 'डोकं बाजूला ठेवा' ही तिकीट काढणाऱ्याला केलेली सूचना आहे. ज्यानं पैसे मोजले त्यानंच डोकंही काढून ठेवायचं! हा वाक्प्रचार समीक्षकांनी सोडून द्यावा असं मला मनापासून वाटतं.

राहिला 'मूर्खपणाचा निर्णय'. निर्णय घेणाऱ्याला परिणाम खरोखरच कळले नसतील तर शब्द बरोबर आहे. कळूनही पर्वा केली नसेल तर 'बेफिकीर' म्हणा, विचार करायला वेळ असून केला नसेल तर 'अविचारी'. आणि कुणाला धडा शिकवायलाच तो घेतला असेल, तर 'सूडबुद्धीचा' हा शब्द मराठीत आहे. त्यात 'बुद्धी' आहे, आणि ती कुठल्या कामाला लावली तेही आहे.