मूळव्याध झाली, आता सिझर करावं लागेल का?

हा प्रश्न गरोदर बायका मला दार लोटून घेतल्यावरच विचारतात. उत्तर आधीच सांगते: नुसत्या मूळव्याधीसाठी सिझर करत नाहीत. पण या दुखण्याच्या भीतीपायी बाई गुपचूप काय काय सोडून देते, तेही सांगायला हवं.

नऊ तारखेच्या तपासणीला सातवा महिना लागलेली एक जण सासूबरोबर आली. बाकावर एका बाजूला भार देऊन बसलेली. हिमोग्लोबिन आधीपेक्षा खाली गेलं होतं, म्हणून सिस्टरनी माझ्याकडे पाठवलं. लोहाच्या लाल गोळ्यांची पाकिटं काढायला सांगितली, तर एकही गोळी फोडलेली नाही. “उष्ण पडतात,” सासू म्हणाली. सून गप्प. सासूबाईंना केसपेपर देऊन औषधाच्या खिडकीकडे पाठवलं, तेव्हा कुठे ती बोलली. खडा होतो, कुंथावं लागतं, कोंब बाहेर येतो, रक्ताचे थेंब पडतात. गोळीने खडा होतो म्हणून गोळी बंद. संडासला जायचीच धास्ती, म्हणून रात्रीची भाकरीही बंद.

गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन वाढतं आणि आतड्यांची हालचाल मंदावते. वाढत्या गर्भाशयाचा दाब ओटीपोटातल्या शिरांवर पडतो, रक्त तिथे साचतं आणि गुदद्वाराच्या शिरा फुगतात. शेवटच्या तीन महिन्यांत त्रास जास्त होतो तो यामुळेच. लोहाच्या गोळीने शौच काळं होतं, घट्टही होतं, हे खरं. पण आपल्या देशात निम्म्याहून जास्त गरोदर बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. 60 मिलिग्रॅम लोहाची ही गोळी गरोदरपणात 180 दिवस आणि बाळंतपणानंतरही तितकेच दिवस देतात ती याचसाठी. जिचं रक्त थेंब थेंब जातंय तिने तर ती मुळीच सोडू नये.

डॉक्टरांनी तपासून मल मऊ करणारं पातळ औषध दिलं आणि लाल गोळी रात्री जेवणानंतर घ्यायला सांगितली. चहा आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून दोन तास लांब.

मग मी घरचं विचारलं. माणसं सात, संडास एक. सकाळी हिला लागते तेव्हा आत दीर, मग पोरांची शाळा. हिचा नंबर लागेपर्यंत ती भावना निघून गेलेली. दाबून ठेवलं की मल आतच सुकतो. माझ्या मते तिचं अर्धं दुखणं इथेच होतं. सासूबाई परत आल्यावर त्यांच्याकडे एवढंच मागितलं: सकाळी पहिला नंबर सुनेचा. त्या सुनेकडे वळून म्हणाल्या, “अगं, मला सांगायचं नाही होय!”

खाण्यात नवीन काही आणायला लावलं नाही. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मोडाची मटकी, पेरू, आणि पाण्याचा तांब्या सतत हाताशी. इसबगोल चालतं, पण पाणी कमी पडलं तर उलट अडतं. कुंथायचं नाही, संडासात मोबाईल न्यायचा नाही. दुपारी डाव्या कुशीवर आडवं व्हायचं. दिवसातून दोन-तीनदा कोमट पाण्याच्या टबात 10 ते 15 मिनिटं बसायचं. नुसतं पाणी, त्यात जंतुनाशक घालायचं नाही. बसता-उठताना कुणीतरी हात द्यायचा. फार ठणकलं तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ धरायचा. मलम मात्र डॉक्टरांना विचारूनच.

सासूबाईंनी सुरण आणि एरंडेलाचं विचारलं. सुरणाची भाजी खुशाल खावी. एरंडेल गरोदरपणात नको, त्याने कळा सुरू होऊ शकतात. ‘खात्रीशीर इलाज’च्या पाट्या लावणाऱ्यांकडे तर पाऊलही टाकू नका, असं मी दोघींना हात जोडून सांगितलं.

रक्त अंगावरून जातंय की शौचाच्या जागेतून, हे बाईला दर वेळी नक्की कळतंच असं नाही. म्हणून गरोदरपणात रक्त दिसलं की दाखवायचं, मूळव्याध आहे असं आपणच ठरवायचं नाही. कोंब निळसर, टणक झाला आणि बसवेना झालं, तर त्याच दिवशी यायचं.

पुढच्या तपासणीत तिचं हिमोग्लोबिन चढायला लागलं होतं. कोंब अधूनमधून यायचाच. बाळंतपण नॉर्मल झालं. जोर लावल्याने कोंब वाढला, पहिले काही दिवस तो आणि टाके दोन्ही दुखले, तेव्हा टबातलं कोमट पाणी पुन्हा कामी आलं. बाळाला दीड महिन्याची लस द्यायला आली तोवर त्रास बराच ओसरला होता. बहुतेकींचा असाच ओसरतो. जिचा तोवरही ओसरला नाही तिने सर्जनला दाखवावं. बाळाला अंगावर पाजत असतानाही चालतील अशी औषधं आहेत.