नदीकाठचा पब आणि मावशींची तुळशीमाळ

मागच्या अंकात मी ऑक्सफर्डला राहत होते तेव्हाचा एक फोटो छापला होता, नदी, लाकडी बाक आणि बाकावर बिअरचा अर्धा ग्लास. त्या अर्ध्या ग्लासावरनं एवढी पत्रं आलीत की भाडेकराराचा एक आणि जावेच्या भांडणाचा एक असे दोन प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकललेत, त्या दोघींनी रागावू नये. या वेळी सगळं पबाचंच.

प्रश्न: ताई नमस्कार. माझं वय ६१. पोरगं ऑक्सफर्डला नोकरीला आहे, आम्ही दोघं पहिल्यांदाच जायलोत, आषाढीच्या आधी परत यायचंय. पोरगा फोनवर म्हणतो, आई तुला नदीकाठच्या जुन्या पबात जेवायला नेतो, लई भारी जागा आहे. मी माळकरी, जनाबाईच्या गावची. पब म्हणजे गुत्ताच की नाही? वर म्हणतो ४ वर्षांचा नातू पण येणार. लेकराला घेऊन कुणी गुत्त्यात जातं का? नाही म्हणावं तर पोराला वाईट वाटायचं. आणि गेलंच तर तिथं खायचं काय?
(एक वाचक, गंगाखेड)

उत्तर: मावशी, बिनधास्त जा. तुम्ही गुत्ता लिहिलंय त्यावरनं माझ्या डोळ्यापुढं आपली परमिट रूम आली, काळ्या काचा, भरदुपारी लावलेली ट्यूब, आणि बाहेर पडणारा माणूस आधी रस्त्यावर ओळखीचं कुणी नाही ना ते बघून मग गाडीला किक मारतो. तिकडचा जुना पब तसा नसतोय. पब्लिक हाऊसचं छोटं करून पब झालंय, आणि दुपारचं गेलात तर निम्मे लोक जेवायलाच आलेले असतात. खिडक्या उघड्या, एका कोपऱ्यात पेपर वाचत बसलेले रिटायर आजोबा, टेबलाखाली कुणाचं तरी कुत्रं झोपलेलं. आपल्या गावचा पार आणि खानावळ एकाच छपराखाली आणली तर जवळपास तसंच. पिणारे असतात, खोटं कशाला सांगू, शुक्रवारी रात्री तर गोंगाट विचारूच नका, म्हणून दुपारचंच जा. लेकरांना मोठ्यांबरोबर जेवायला आत घेतात, बऱ्याच ठिकाणी रात्री आठ-नऊनंतर घेत नाहीत. दारू १८ वर्षांखालच्याला मिळत नाही आणि २००७ पासून आत बिडी-सिगारेट बंद आहे, त्यामुळं धुराचा त्रास नाही.

तुमचं पोरगं ऑक्सफर्डला आहे म्हणून एक सांगते, त्याला म्हणा गाडी नको, पायी ने. शहराला लागून पोर्ट मेडो म्हणून मोठं कुरण आहे, कुरण कसलं, आपलं गायरानच, गाई-घोडी मोकळी चरतात आणि कुणी नांगर घालत नाही. ते पार करून टेम्सच्या पलीकडं गेलं की बिन्सीला द पर्च नावाचा गवताच्या छपराचा पब लागतो, आणि तसंच नदीच्या कडेनं पुढं गेलं की गॉडस्टोच्या ख्रिस्ती जोगिणींच्या मठाचे पडके दगड, आणि त्याच्याजवळ बंधाऱ्यावर द ट्राऊट हा दुसरा पब. पूर्वी या नदीत मालाच्या होड्या काठावरनं घोड्यानं ओढत न्यायचे, त्या घोडेवाल्यांची, नावाड्यांची जेवणाची-पाण्याची सोय म्हणून काठाकाठानं अशी ठिकाणं वाढली. आपल्याकडं घाटाखाली ट्रकवाल्यांचे धाबे झाले तसंच की ते.

आता एक माझी फजिती ऐका. पहिल्यांदा मी आणि हे असेच एका नदीकाठच्या पबात गेलो, बाहेर बाकावर बसलो, वेटर येईल म्हणून वाट बघतोय. दहा मिनिटं, वीस मिनिटं, चाळीस मिनिटं. बदकं दोनदा येऊन गेली, वेटर काही आला नाही. यांना वाटलं आपण सावळे म्हणून मुद्दाम येईनात, तोंड लाल झालं पार. शेवटी शेजारच्या बाकावरची एक म्हातारी म्हणाली, अगं आत काउंटरवर जाऊन सांगायचं असतं! टेबलाला पितळेचा नंबर ठोकलेला होता, तो बघून जायचं, काउंटरवर नंबर सांगायचा, पैसे तिथंच द्यायचे, प्यायचं आपण उचलून आणायचं, जेवण तेवढं ते आणून देतात. रांग दिसत नाही पण असते, कुणाच्या आधी कुणाचा नंबर ते सगळ्यांना माहीत असतं. "ए भाऊ" करून नोट हलवायची नाही, काउंटरवर टीप पण कुणी देत नाही. आणि दुपारी अडीच-तीनला बऱ्याच ठिकाणी किचन बंद होतं ते थेट संध्याकाळी उघडतं, तेव्हा उशीर करू नका.

आता माळेचं. मावशी, समोर बिअर असून न पिणं लई सोपं आहे, कुणी आग्रह करत नाही, लाइम अँड सोडा मागा, लिंबू-सोडाच तो. तुमची खरी अडचण ग्लासात नाही, ताटात आहे. रविवारी गेलात तर रोस्ट असतो, म्हणजे भाजलेलं मांस आणि बटाटे, त्यातले भाजलेले बटाटे बघून तुम्हाला वाटेल हे तर चालतंय, पण ते बऱ्याचदा बदकाच्या नाहीतर गाईच्या चरबीत भाजतात. यॉर्कशायर पुडिंगमध्ये अंडं. ग्रेव्ही मांसाची. चिप्स ज्या तेलात मासा तळला त्याच तेलात. मेनूवर व्ही असं इंग्रजी अक्षर असतं त्याला शाकाहारी म्हणतात पण त्यात अंडं चालतं, म्हणून तुम्ही वीगन लिहिलेलं बघा, त्यात दूध पण नाही आणि अंडं पण नाही. तळणाचं तेल वेगळं आहे का, एवढं सुनेला काउंटरवर विचारायला लावा, रोज विचारतात लोक, त्यांना त्याचं काही वाटत नाही. भाजलेला अख्खा बटाटा आणि टोमॅटोतले बीन्स, हे बऱ्याच ठिकाणी मिळतं आणि पोट भरतं. प्लाऊमन्स लंच म्हणजे नांगरणाऱ्याचं जेवण, पाव, चीज, कांदा, लोणचं, ऐकायला अगदी आपली भाकरी-ठेचा. पण ते नाव १९५०-६० च्या दशकांत चीज खपवायला पुढं आणलेलं आहे, औताच्या मागं त्या नावानं कुणी जेवलं नसणार. आणि चीज घट्ट करायला काही ठिकाणी वासराच्या पोटातलं रेनेट घालतात, तेव्हा ते पण विचारूनच.

बाकी माळ घालून त्या छपराखाली बसावं का, ते मी कोण सांगणार मावशी, ते तुमचं आणि विठोबाचं. मला विचाराल तर बाहेरच्या बाकावर बसा.

प्रश्न: ताई, मी लातूरचा, सध्या लंडनला एमएस करायलोय. रूममेट म्हणला टेम्सच्या कडेच्या जुन्या पबात जाऊन कास्क एल, म्हणजे पिंपातली बिअर, पिऊन बघ, तीच खरी. गेलो. कोमट बिअर, गॅस नाही, वर फेस पण नावाला. मी काही बोललो नाही, गप पिऊन टाकली. मला फसवलं का? परत द्यायला पाहिजे होती का? आणि मी मासे-मटण खात नाही, बिअर तर व्हेजच असते ना?
(एक विद्यार्थी)

उत्तर: फसवलं नाही रे बाबा, ती तशीच असते. तुला सवय फ्रीजमधल्या बाटलीची, आणि लातूरच्या मे महिन्यात तोंड बधिर करणारं थंड सोडून दुसरं काही सुचत नाही हे मला पण मान्य. पण ही ११ ते १३ डिग्रीला देतात, तळघराचं टेंपरेचर. माठातलं पाणी आणि बर्फाचं पाणी यात जो फरक तोच इथं, बर्फात जीभ मरते आणि चव कळत नाही.

समजून घ्यायचं असेल तर ताक आठव. टेट्रापॅकमधलं ताक असतं ते मेलेलं, महिनोन्‌महिने टिकतं. घरचं ताक जिवंत, सकाळचं गोड, संध्याकाळी आंबटसर, दुसऱ्या दिवशी कढी करायची. कास्क एल म्हणजे ते घरचं ताक. ब्रुअरीतून पिंप निघतं तेव्हा आत यीस्ट जिवंत असतं, ते पबाच्या तळघरात पण काम करत राहतं, त्यातनंच थोडा गॅस तयार होतो. वरनं सिलिंडरचा गॅस मारत नाहीत म्हणून तुला ती बसलेली वाटली. पिंप आडवं ठेवतात, वरच्या बुचात लाकडी खुंटी ठोकून जास्तीचा गॅस जाऊ देतात, पुढं तोटी ठोकतात, आणि निवळायला एखादा दिवस हात लावत नाहीत. मग काउंटरवर तो लाकडी दांडा असतो ना, तो ओढला की खालनं बिअर वर येते. तो आपला हापसाच आहे, दुसरं काही नाही! पुढच्या वेळी बारवाल्याचा हात नीट बघ, सावकाश, न झटकता, दोन-तीन लांब ओढीत ग्लास काठोकाठ भरतो आणि मग गढूळ खालनं वर निवळत जातं, ते बघायला मला पिण्यापेक्षा जास्त आवडायचं.

बिअर जेवढी निघते तेवढी हवा आत जाते, म्हणून तोटी ठोकली की तीनेक दिवसांत पिंप संपवावं लागतं. नेहमीचं पिंप फर्किन, ९ गॅलन, म्हणजे ७२ पाइंट, साधारण ४१ लिटर. गिऱ्हाईक नसलेल्या पबात ते तीन दिवसांत संपत नाही आणि मग तुझ्यासारख्याला तिसऱ्या-चौथ्या दिवसाचं मिळतं. म्हणून गर्दीच्या पबात जा, आणि जे जास्त खपतंय ते माग. दांड्यावर बिअरच्या नावाची पाटी असते, ती उलटी फिरवलेली असेल तर ती संपली. आधी चाखायला घोटभर माग, फुकट देतात. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर शांतपणे परत दे, चांगल्या पबात वाद न घालता बदलून देतात. कोमट आहे म्हणून परत द्यायची नाही, आंबली म्हणून द्यायची. ही बिअर १९६०-७० मध्ये जवळपास संपतच आली होती, मोठ्या कंपन्यांनी गॅसवाली केग बिअर आणली होती, तेव्हा १९७१ मध्ये चार मित्रांनी कॅम्रा नावाची चळवळ काढली आणि ती वाचवली. बिअरसाठी चळवळ, आपल्याकडं सांगितलं तर लोक हसतील.

आता व्हेजचं. गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो, गाळ खाली बसतो. टँकरचं पाणी प्यायलेल्या लातूरकराला हे काय शिकवायचं. पिंपातलं यीस्ट खाली बसवायला पण असंच काहीतरी घालावं लागतं, आणि ते बऱ्याचदा आयसिंग्लास असतं, म्हणजे माशाच्या पोटात हवेची पिशवी असते ती वाळवून केलेली. बहुतेक सगळं गाळाबरोबर तळाशी राहतं, पण घातलेलं असतं हे खरं. तुझं तू ठरव. चालत नसेल तर अनफाइंड, म्हणजे हे न घातलेली, नाहीतर वीगन अशी माग, आता पुष्कळ ब्रुअऱ्या काढतात, ती जरा गढूळ दिसेल, घाबरू नको. आणि पाच जणांत गेलास तर राऊंडची पद्धत असते, एकेकानं सगळ्यांचं आणायचं. तुझी पाळी आली की बाथरूमला जाऊ नको, ते लोक तोंडावर बोलत नाहीत पण वर्षभर लक्षात ठेवतात.

लंडनलाच आहेस तर वॉपिंगचा प्रॉस्पेक्ट ऑफ व्हिटबी हा पब बघ, स्वतःला १५२० च्या आसपासचा म्हणवतो. नदीच्या पलीकडं रॉदरहाइथला द मेफ्लॉवर आहे, १६२० ला अमेरिकेला गेलेल्या त्या जहाजाच्या नावाचा. ओहोटीला जाऊ नको, नुसता चिखल दिसतो. टेम्सला तिथपर्यंत समुद्राची भरती येते, भरतीची वेळ बघून गेलास तर पाणी लाकडी गच्चीच्या खाली आपटतं.

प्रश्न: बिअर तर आपल्या संभाजीनगरात बनते, नदी तर गोदावरी आहे, मग नांदेड-पैठणला असा नदीकाठचा पब कामून नाही?
(एक वाचक, नांदेड)

उत्तर: बनते ना, पण ती कारखान्यातली गाळलेली बाटलीबंद बिअर, महिनोन्‌महिने टिकणारी. कास्कला थंड तळघर पाहिजे, तीन दिवसांत संपवणारं गिऱ्हाईक पाहिजे, आणि गावातनं चालत येणारं पाहिजे. ४२-४३ डिग्रीत तळघर १२ ला ठेवायचं बिल कोण भरणार? आणि नदीचं म्हणाल तर २०१६ चा उन्हाळा आठवा, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणायलेत आणि इकडं औरंगाबाद खंडपीठानं बिअर-दारूच्या कारखान्यांचं पाणी कापलं. पाण्यावरनं जिथं एवढी ओढाताण तिथं नदीकाठी बसून गार वाऱ्यात ग्लास, हे चित्र माझ्या तरी डोळ्यापुढं येत नाही. माझं वैयक्तिक विचाराल तर पैठणच्या घाटावर मला पब नकोच, नाथांच्या गावात भजी आणि चहाची टपरी बरी.

प्रश्न: जावई तिकडं पाइंट पाइंट म्हणतो. आपल्याकडं पाइंट म्हणजे छोटी बाटली. दोन पिऊन गाडी चालवली तर चालतं का?
(एक सासरे, हिंगोली)

उत्तर: काका, इथंच सगळे फसतात. आपला पाइंट ३३० मिलीचा, तिकडचा ५६८ चा. दोन म्हणजे ११३६ मिली, आपल्या ६५० च्या जवळपास दोन मोठ्या बाटल्या. तिकडची साधी बिअर, बिटर म्हणतात तिला, ४ टक्क्यांच्या आसपास असते, आपल्या स्ट्राँगपेक्षा बरीच हलकी, म्हणून चढत नाही असं वाटतं आणि माणूस तिसरा मागतो. इंग्लंडमध्ये १०० मिली रक्तात ८० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, स्कॉटलंडमध्ये ५०, आपल्याकडं ३०. जावयाला म्हणा हाफ माग, हाफ मागितला म्हणून तिथं कुणी हसत नाही, माझ्या फोटोतला ग्लास अर्धा म्हणजे हाफच होता. आणि चावी लेकीकडं द्या.