कुबट खोली आणि बकुळीची बरणी

प्रश्न : गोव्यात डिचोलीतल्या आमच्या जुन्या चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो. डांबरगोळ्या ठेवतो, सुगंधी फवारा मारतो, तरी ‘कुबट वास येतो’ अशी तक्रार. आम्हाला तर काहीच येत नाही!

उत्तर : एकाच वासात काही मिनिटं गेली की नाक त्याची दखल घेणं सोडतं. पाहुणा मात्र ताज्या नाकानं उंबरा ओलांडतो. गंधाचा संदेश थॅलॅमसचा (इतर संवेदना जिथून पुढे जातात त्या मेंदूतल्या केंद्राचा) थांबा न घेता मेंदूतल्या भावना आणि स्मृतीच्या भागांकडे पोचतो, म्हणून वासाला चिकटलेली आठवण भावनेसकट परतते. तुमच्या घराची आठवण कुबट राहू नये, यासाठी मूळच काढा.

शेजारच्या कुणाला तरी खोलीत बोलावून पहिल्याच श्वासाला काय जाणवलं ते विचारा. मग कपाटाची पाठ, गादीची खालची बाजू आणि जमिनीपासून हातभर उंचीपर्यंतची भिंत हुंगा. चिरा ओल शोषतो. वर सिमेंटचा गिलावा असेल तर ती आत कोंडते आणि बुरशी धरते. दुरुस्ती करायचीच असेल तर चुन्याचा गिलावा करा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. लाकडावरची बुरशी व्हिनेगरच्या फडक्यानं पुसून कोरडी करा (व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र नको, विषारी वायू होतो). कापसाच्या गाद्यांना दोन्ही बाजूंनी कडक ऊन द्या. पावसाळ्यात खिडक्या उघड्या टाकल्या की बाहेरचाच दमटपणा आत येतो. तेव्हा दारं-खिडक्या लावून डीह्युमिडिफायर (हवेतला दमटपणा शोषणारं यंत्र) चालवा आणि आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली ठेवा.

फवारा बंदच करा. कुबट वास त्यानं जात नाही, उलट दोन्ही मिसळून डोकं चढतं. डांबरगोळ्याही काढा, लहान मुलांना त्या घातक आहेत. खोली कोरडी झाली की एकच सौम्य वास पुरे: मार्च-एप्रिलमध्ये दाराशी सुरंगीच्या फुलांचा एक वळेसर (गजरा). उशाजवळ नको, बंद खोलीत तो फार उग्र होतो.

प्रश्न : मुलगी फोंड्याहून पुण्याला हॉस्टेलवर चाललीय. घराचा वास सोबत देता येईल का?

उत्तर : नक्की द्या. बकुळीची फुलं सुकल्यावरही वास धरून ठेवतात. सकाळी पडलेली, दव नसलेली फुलं ओवून सावलीत पूर्ण सुकवा. ओलावा राहिला तर बरणीत बुरशी येते. बरणी काचेची, घट्ट झाकणाची घ्या. प्लास्टिकचा स्वतःचा वास फुलांत उतरतो. आणि तिला सांगा, रोज उघडू नकोस. रोज हुंगलं तर त्या वासाला हॉस्टेलची खोली चिकटते आणि घर मागं पडतं.